चार माग सांभाळणारे वडील, एका पुस्तकात लक्ष न लागणारा मुलगा

बेळगावातल्या वडगावच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा मुलगा मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी, चांगल्या गुणांनी पास झाला. आता पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, सायन्सला आहे आणि सगळं इंग्रजीत आहे. रात्री जेवून जो बसतो तो बारापर्यंत पुस्तकासमोर असतो, पण विचारलं तर चार ओळी धड सांगता येत नाहीत. तो स्वतःच म्हणतो, "बसतोय की, खरं डोक्यात शिरंना झालंय." यजमानांचे पॉवरलूम आहेत. त्यांचं म्हणणं, "मी एका वेळी चार माग बघतो, ह्याला एक पुस्तक बघायला होत नाही." ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: मुलाची एकाग्रता मुळातच कमी आहे का, मोबाइलनं डोकं बिघडलंय का, आणि मेमरी वाढवण्याचे जे क्लास निघालेत त्यांत त्याला घालावं का.

आधी थोडक्यात उत्तरं देते. पहिल्याचं उत्तर, तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं वाटत नाही. दुसऱ्याचं, मोबाइलचा त्रास आहे, पण मूळ दुखणं ते नाही. तिसऱ्याचं, ते पैसे वाचवा. आता सविस्तर लिहिते, कारण यजमानांनी जे म्हटलंय त्यात आमच्या मानसशास्त्र या विषयातले बरेच मोठे प्रश्न येतात आणि त्यांना नीट उत्तर मिळालं पाहिजे. मुलाला रोज ते वाक्य ऐकावं लागत असेल तर जास्तच.

ज्यांनी मागाच्या शेडमध्ये पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वडगाव, शहापूर, खासबाग भागात घराला लागूनच माग असतात. चार माग चालू असले की शेजारच्याशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन धोटा या बाजूनं त्या बाजूला जातो, फणी ठोकते, परत धोटा. नवख्याला तो सगळा एकच कल्लोळ वाटतो. विणकर मात्र पाठ करून कांड्या लावत असतो आणि मधेच वळून बरोबर तिसऱ्या मागाकडे जातो. तिथे बाण्याचा धागा तुटून माग थांबलेला असतो. त्यानं तो पाहिलेला नसतो. चार ठेक्यांतला एक गळला, एवढं त्याला पुरतं.

फिनलंडचे रिस्तो न्याटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली याच स्वरूपाची गोष्ट प्रयोगात दाखवली. माणसांना एका कानातल्या आवाजाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. दुसऱ्या कानात तोच तोच स्वर वाजत होता आणि मधेच एखादा वेगळा. त्या कानाकडे लक्ष नसतानाही वेगळा स्वर आला की मेंदूच्या विद्युत आलेखात एक ठरावीक लहर उमटे, तीसुद्धा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. पुढे पुस्तक वाचत बसलेल्या माणसांतही ती दिसली. म्हणजे चालू ठेका मेंदू लक्ष न देताही धरून ठेवतो आणि तो मोडला की लक्षाला बोलावणं पाठवतो. मागाचा आवाज प्रयोगशाळेतल्या स्वरापेक्षा फार गुंतागुंतीचा आहे, पण दिशा हीच.

तेव्हा यजमान एकाच वेळी चार मागांकडे लक्ष देत नाहीत. त्यांचं लक्ष मोकळं असतं आणि बोलावणं आलं की तिकडे जातं. हे मोकळेपण वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेलं आहे. शिफ्रिन आणि श्नायडर या दोघांनी १९७७ साली दाखवून दिलं की आपलं काम दोन तऱ्हांनी चालतं. एक तऱ्हा मेहनतीची, सावकाश, एका वेळी एक. दुसरी आपोआप चालणारी. मेहनतीचं काम आपोआप होऊ लागायला नुसता सराव पुरत नाही. खूण आणि तिचा अर्थ यांची जोडी दर वेळी तीच असावी लागते. मागावर ती तशी असते. ठेका तुटला की जायचं, याला अपवाद नाही. मुलाच्या फिजिक्सच्या पुस्तकात मात्र प्रत्येक ओळ नवी, आणि त्याच चिन्हाचा अर्थ या धड्यात एक, पुढच्या धड्यात दुसरा.

यजमानांना एक विचारा. तुटलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा सांधून फणीतून ओवत असताना शेजारचा माग थांबला तर काय करता? हातातलं पुरं करतात आणि मग तिकडे जातात. तेव्हा चार माग नसतात, एकच असतो. वेल्फर्ड यांनी १९५२ साली मांडलेला मुद्दा हाच आहे: एका खुणेला काय प्रतिसाद द्यायचा हे डोकं ठरवत असेल तर तेवढ्यात आलेली दुसरी खूण रांगेत थांबते. साध्यात साधं काम असलं, दिवा लागला की बटण दाबायचं इतकं सोपं, तरी दुसऱ्याला उशीर होतोच. विचार करून निर्णय घ्यायची जागा अरुंद आहे, आणि ती वडिलांचीही तेवढीच अरुंद आहे जेवढी मुलाची.

या अरुंद जागेचा शोध कानापासून सुरू झाला. ब्रिटनच्या कॉलिन चेरी यांनी १९५३ साली लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एका कानातलं जसंच्या तसं मोठ्यानं म्हणत जायला सांगितलं. लोकांना ते जमलं. पण दुसऱ्या कानात काय होतं, हे विचारल्यावर बहुतेकांना सांगता येईना. पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली तर कळत होतं. मजकूर इंग्रजीवरून जर्मनमध्ये गेला ते मात्र कळलं नाही. १९५८ साली डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी यावरून सिद्धांत मांडला की आत येणारी माहिती चाळली जाते. आवाजाची जात, दिशा अशा ढोबळ खुणांवर निवड होते आणि निवडलेल्याचाच अर्थ लागतो. वर्षभरातच नेव्हिल मोरे यांनी त्याला धक्का दिला. दुसऱ्या कानात स्वतःचं नाव आलं तर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येतं. गणपत गल्लीच्या गर्दीत कुणी आपलं नाव घेतलं की मान वळते, ते हेच. ॲन ट्रीझमन यांचं उत्तर मला आजही पटतं: नको असलेली माहिती पूर्ण अडवली जात नाही, तिचा जोर कमी होतो, आणि आपलं नाव किंवा 'आग' असे शब्द एवढे तयारीत असतात की कमी जोरातही ते आत पोचतात.

आता ताईंच्या मुलाला लागू पडणारा मुद्दा. २००१ साली कॉनवे, कोवन आणि बंटिंग यांनी मोरे यांचा नावाचा प्रयोग पुन्हा केला, पण आधी लोकांची वर्किंग मेमरी मोजून. वर्किंग मेमरी म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवायची आणि तिच्यावर काम करायची आपली ताकद. ज्यांची ती कमी होती त्यांतल्या ६५ टक्के लोकांना दुसऱ्या कानातलं आपलं नाव ऐकू आलं. ज्यांची जास्त होती त्यांतल्या फक्त २० टक्क्यांना. ऐकू येणं ही इथे कमजोरी आहे, कारण काम पहिल्या कानातलं होतं. त्याच वर्षी लंडनमध्ये नीली लाव्ही यांच्या गटानं आणखी पुढची गोष्ट दाखवली. त्याच माणसाची वर्किंग मेमरी आकडे लक्षात ठेवायच्या कामाला जुंपली, की समोरच्या नको असलेल्या गोष्टी त्याला जास्त त्रास देऊ लागतात. माणूस तोच, स्वभाव तोच. डोक्यावरचं ओझं वाढलं की त्याचं लक्ष जास्त भटकतं.

ताई, हे नीट वाचा, कारण घरात याच्या बरोबर उलट समजलं जातंय. लक्ष भटकतं म्हणून त्याला समजत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. माझ्या मते तुमच्या मुलाचं समजून घेण्यातच सगळं बळ खर्ची पडतं आणि म्हणून लक्ष भटकतं. पलीकडच्या खोलीतली मालिका मराठी माध्यमाचं पुस्तक वाचताना त्याला ऐकू येत नव्हती, आता येते. मालिका तीच आहे.

हे ओझं नेमकं कुठून येतं ते एका वाक्यावर दाखवते. त्याच्या पुस्तकात अशा धर्तीचं वाक्य असतं: 'द रेट ऑफ चेंज ऑफ वेलॉसिटी विथ रिस्पेक्ट टू टाइम इज कॉल्ड ॲक्सलरेशन.' शब्द तेरा. रेट म्हणजे बाजारातला भाव हे त्याला माहीत आहे, रिस्पेक्ट म्हणजे मान हेही माहीत आहे. इथे दोन्ही चालत नाहीत, म्हणून दोन्हीकडे थांबून दुसरा अर्थ शोधावा लागतो. तो सापडेपर्यंत मागचे शब्द धरून ठेवायचे. 'टू टाइम'पर्यंत पोचला की 'चेंज' कशातला होता ते निसटलेलं असतं. मग परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा वाचताना शब्द ओळखीचे वाटतात आणि समजल्यासारखं होतं, म्हणून पान उलटतं. हेच वाक्य मराठीत असतं, 'वेग ठरावीक वेळात किती बदलला तो दर', तर त्याला एका झटक्यात कळलं असतं, कारण हा मुलगा गाडी चालवतो आणि वेग वाढणं त्याला अंगानं माहीत आहे.

यामागचं यंत्र बऱ्यापैकी कळलेलं आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सातच्या आसपासचा आकडा सांगितला, तो सगळ्यांना माहीत असतो. नेल्सन कोवन यांनी २००१ साली हिशेब पुन्हा तपासला. घोकणं आणि गट पाडणं या दोन्हींची मदत काढून घेतली तर एका वेळी साधारण चारच गोष्टी धरता येतात. शब्दांच्या बाबतीत तर मोजमाप वेळेचं आहे. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली वर्किंग मेमरीचे भाग पाडले, त्यांतला एक भाग मनातल्या मनात पुटपुटून शब्द जिवंत ठेवतो. १९७५ साली बॅडली यांच्या गटाला आढळलं की सुमारे २ सेकंदांत जेवढं म्हणून होतं तेवढंच यात मावतं. वेल्श आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांवर एलिस आणि हेनेली यांनी १९८० साली प्रयोग केला. वेल्श आकडे म्हणायला जास्त वेळ लागतो, म्हणून वेल्शमध्ये त्यांना कमी आकडे लक्षात राहत होते. तोंडानं दुसरंच काही घोकायला लावून पुटपुटणं बंद पाडलं, तर फरक गेला. तो फरक उच्चारायच्या वेळेचा होता, बुद्धीचा नव्हता. जी भाषा आपण अडखळत, सावकाश वाचतो तिचे कमी शब्द त्या २ सेकंदांत बसतात. मुलाची वर्किंग मेमरी मराठीत जेवढी आहे तेवढी इंग्रजीत आज नाही, आणि इंग्रजी वाचायचा वेग वाढला की ती वाढेल.

आपल्या भागात यात आणखी एक पदर आहे. बऱ्याच वर्गांत सर इंग्रजीत शिकवतात, अवघड जागा आली की कन्नडमध्ये समजावतात, आणि मराठी घरातलं पोर ते मनात मराठीत उतरवून घेतं. दर बदलाला किंमत पडते. म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी १९९९ साली दोन भाषा येणाऱ्या लोकांना आकडे वाचायला दिले. मागचा रंग बघून कुठल्या भाषेत वाचायचं ते ठरवायचं. आश्चर्य असं, की कच्च्या भाषेतून पक्क्या भाषेत येतानाच जास्त वेळ लागत होता. कच्ची भाषा वापरायची तर पक्की दाबून धरावी लागते, आणि दाबलेली पुन्हा मोकळी करायला वेळ जातो, असा त्याचा अर्थ लावतात. इंग्रजी पिरियड संपवून बाहेर आलेली मुलं मराठीतही क्षणभर अडखळतात, ते यामुळे असू शकतं.

आकड्यांचं तर फारच. मराठीत त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतात आणि पन्नास नंतर. कन्नडमध्ये ऐवत्तमूरू, इंग्रजीत फिफ्टी थ्री, दोन्हींत पन्नास आधी. आपल्या बेळगावच्या दुकानदारांना गिऱ्हाईक बघून हा फेरा सहज मारता येतो, कारण तो रोजचा आहे. वर्गात फळ्याकडे न बघता आकडे उतरवून घेणाऱ्या मुलाला तो महाग पडतो, आणि ५३ च्या जागी ३५ लिहिलं जातं. जर्मनमध्येही एकक आधी म्हणतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांनी आकडे लिहिताना केलेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी निगडित होत्या, असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. तेव्हा गणितात अशा चुका दिसल्या तर 'धांदरट' म्हणून सोडून देऊ नका.

भाषेचा विषय आपल्या भागात किती हळवा आहे ते मला माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तीन भाषा येण्यानं मुलाचं नुकसान होत नाही. त्यानं लक्ष देण्याची ताकद वाढते असंही काही संशोधकांनी म्हटलं होतं. बियालिस्टॉक यांचा २००४ चा अभ्यास त्यांत गाजलेला. पण पॅप आणि ग्रीनबर्ग यांना २०१३ साली तो फायदा सापडला नाही आणि वाद अजून मिटलेला नाही. मी त्यावर विसंबत नाही. तीन भाषा येणं ही आपल्या मुलांची मोठी मिळकत आहे, त्यासाठी मेंदूच्या जादा फायद्याचं निमित्त लागत नाही. तुमच्या मुलाची आजची अडचण एवढीच की अवघड विषय आणि अवघड भाषा दोन्ही त्याच्या वाट्याला एकाच जूनमध्ये आले.

आता मोबाइल. तो डोकं बिघडवत नाही. तो काम बदलायला लावतो. रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी १९९५ साली दाखवलं की एका कामावरून दुसऱ्यावर जाताना, बदल केव्हा येणार हे आधी माहीत असलं तरी, वेळ जातो आणि चुका वाढतात. तयारीला सवड दिली तरी तोटा पूर्ण भरून निघत नाही. सोफी लरॉय यांनी २००९ साली पुढची बाजू मांडली: अर्धवट सोडलेलं काम मनात रेंगाळतं आणि नव्या कामातलं लक्ष खातं. २०१५ साली तर असं दिसलं की फोन उचललाच नाही, नुसती त्याची सूचना आल्याचं जाणवलं, तरी लक्ष लावून करायच्या कामात चुका वाढतात. वर सांगितलेलं तेरा शब्दांचं वाक्य आठवा. सातव्या शब्दाला फोन थरथरला तर ते वाक्य गेलं. म्हणून फोन उलटा ठेवणं पुरेसं नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा. पण रागानं काढून घेऊ नका. अवघड पानावर मन फोनकडे पळतं तेव्हा ते ओझ्यापासून पळत असतं. फोन नसेल तर ते खिडकीकडे पळेल.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तो कॉलेजला गाडीवरून जाताना हेडफोनवर बोलत असेल तर ते आजच बंद करा. स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ साली गाडी चालवण्यासारख्या कामावर फोनचा परिणाम तपासला. फोन हातात असो की नसो, बोलत असताना सिग्नल चुकत होते आणि प्रतिसाद उशिरा येत होते. अडचण हाताची नसून डोक्यातल्या त्या अरुंद जागेची आहे. डोळे उघडे असूनही दिसत नाही, हे सायमन्स आणि शॅब्री यांनी १९९९ साली दाखवलं: चेंडूचे पास मोजणाऱ्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नाही. तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या रहदारीत गोरिला येत नाही, पण म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं येतात.

रात्री बारापर्यंत बसण्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात रडार बघणाऱ्यांच्या नजरेतून खुणा सुटू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ तयार केलं. काटा दर सेकंदाला एक टप्पा पुढे जाई आणि क्वचित एकदम दोन. ते दोन टप्पे पकडायचे, दोन तास. १९४८ साली त्यांनी छापलेले निष्कर्ष असे, की पहिल्या अर्ध्या तासातच पकड घसरते. हे सगळे तरुण लोक होते. एकसुरी कामात लक्ष टिकत नाही, ही माणसाची जात आहे. आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचणं याहून एकसुरी काम क्वचितच असेल. शिवाय या वयाला ८ ते १० तास झोप लागते. बाराला झोपून कॉलेजसाठी सहाला उठणाऱ्या मुलाची निदान दोन तास तूट रोज साचते, आणि झोपेची तूट सगळ्यात आधी लक्षातच दिसते.

मेमरी क्लासबद्दल एकच उदाहरण देते. एरिकसन, चेस आणि फालून यांनी १९८० साली एका विद्यार्थ्याची हकिगत छापली. त्याला सुरुवातीला ७ आकडे लक्षात राहत. तो धावपटू होता. आकड्यांचे गट पाडून ते शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायला लागला. सुमारे वीस महिन्यांच्या सरावानं तो ७९ आकड्यांपर्यंत गेला. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली तर लक्षात राहिली ती सहाच्या आसपास. वाढली ती आकडे बांधायची हातोटी. स्मृतीचं माप होतं तेवढंच राहिलं. २०१३ साली मेल्बी-लेर्वाग आणि ह्यूम यांनी वर्किंग मेमरीच्या प्रशिक्षणावरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच निघालं की ज्याचा सराव केला त्यात सुधारणा होते, वाचन आणि गणितापर्यंत ती पोचत नाही. क्लासमध्ये मुलगा पन्नास वस्तूंची यादी उलटसुलट म्हणून दाखवील, तुम्हाला कौतुक वाटेल, आणि ॲक्सलरेशन तिथेच राहील. तेच पैसे चांगल्या शब्दकोशात आणि सोडवलेल्या उदाहरणांच्या पुस्तकात घाला.

आता करायचं काय. धडा उघडण्याआधी त्या धड्यातले नेहमी लागणारे वीसेक इंग्रजी शब्द वेगळे काढायचे आणि पुढे मराठी अर्थ लिहायचा, फिजिक्समधला अर्थ, बाजारातला नव्हे. ते शब्द बघताक्षणी कळेपर्यंत धड्याला हात लावू नये. दोन संध्याकाळी जातील, जाऊ द्या. त्या दोन संध्याकाळींत भाषेचं काम हलकं होऊ लागतं आणि विषयाला जागा मोकळी होते. मग तोच विषय आधी मराठीत वाचावा. शाळेची जुनी मराठी माध्यमाची पुस्तकं शोधा, खानापूर किंवा चंदगडकडच्या नातेवाइकांकडेही विचारा. कल्पना मराठीत पक्की, नंतर तीच इंग्रजीत. दोन्ही एकदम उचलायचं नाही.

गणितं सुटत नाहीत म्हणून तासन्‌तास झगडत बसणं नवशिक्याला उपयोगाचं नसतं. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावर दाखवलं की सुरुवातीला सोडवून दाखवलेली उदाहरणं नीट अभ्यासणाऱ्यांना पुढची गणितं जास्त लवकर जमतात. आकृती एका पानावर आणि तिचं वर्णन दुसऱ्यावर असेल तर वहीत आकृती काढून वर्णन आकृतीतच लिहावं. पानं मागंपुढं करण्यात जाणारं लक्ष वाचतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुन्हा पुन्हा वाचणं थांबवा. एक पान वाचलं की पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, मराठी-इंग्रजी कसंही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं; आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. सुरुवातीला कागद कोरा राहील आणि त्याला वाईट वाटेल. त्याला आधीच सांगून ठेवा की कोरी जागा म्हणजे उद्या काय वाचायचं त्याची यादी. अर्धा तास असं करून उठायचं, पाणी प्यायचं, अंगणात फेरी मारायची, परत बसायचं. दहाला पुस्तक बंद.

यजमानांनाही काम आहे, आणि त्याला इंग्रजी लागत नाही. रोज दहा मिनिटं मुलानं त्यांना त्या दिवशीची एक कल्पना मराठीत समजावून सांगायची. कळलं नाही तिथे त्यांनी "हे मला कळलं नाही, परत सांग" म्हणायचं, एवढंच. जिथे तो अडखळेल तिथे त्याचंही समजलेलं नसतं.

एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, शंका तुम्ही शेवटी लिहिली आहे. त्या निदानाला बारा वर्षांच्या आधीपासूनची लक्षणं लागतात आणि तीही घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. चौथी-पाचवीत त्याच्या वह्या पूर्ण असत, शिक्षकांची तक्रार नव्हती आणि त्रास पीयूसीनंतरच सुरू झाला असं तुम्ही म्हणता. त्यावरून मला ती शंका येत नाही. पण डोळे एकदा तपासून घ्या आणि रक्तातलं हिमोग्लोबिनही बघा, दोन्ही साध्या गोष्टी आहेत आणि दोन्ही राहून जातात.

सहा-आठ आठवडे हे सगळं करूनही फरक पडला नाही, झोप किंवा भूक उडाली, आवडीच्या गोष्टींतलं मन गेलं, किंवा जगण्याला कंटाळल्यासारखं तो काही बोलला, तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. जगण्याला कंटाळल्याचं बोलला तर आठवडेही मोजू नका, त्याच दिवशी. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.